छाया बॅचमध्ये नव्हती

कोल्हापूरहून आल्यापासून बडोद्याच्या आमच्या सोसायटीत जो तो विचारतो, "गेट-टुगेदर कसं झालं?" छान झालं, म्हणते मी. रस्सा फर्मास होता, गाणी झाली, फोटो निघाले. यातलं काहीच खोटं नाही. पण मी त्यासाठी गेलेच नव्हते, आणि हे सगळं सांगायला लिफ्टमध्ये वेळ पुरत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या दहावीच्या बॅचचा ग्रुप दोन वर्षांपूर्वी आनंदाने काढला. आनंदा म्हणजे आमच्या वर्गाचा मॉनिटर. आता पशुखाद्याचं दुकान आहे त्याचं, पण मॉनिटरपणा सुटलेला नाही. जानेवारीत त्याने हुकूम सोडला: शनिवारी संध्याकाळी, गडमुडशिंगीजवळच्या त्याच्या मळ्यात, सगळ्यांनी यायचं, सबबी चालणार नाहीत. खाली नावांची यादी होती. मी ती तीनदा वाचली. छायाचं नाव त्यात नव्हतं.

छाया माझ्या बाकावर बसायची आणि माझ्याच गल्लीत राहायची. दहावीच्या वर्षी, गौरीच्या जागराच्या रात्री, आम्ही दोघी घरी खोटं सांगून ऑर्केस्ट्राला गेलो. ती सापडली, मी वाचले. वाचण्यासाठी मी तिला एकटं पाडलं. तिची शाळा सुटली, दिवाळीनंतर लग्न झालं, आणि मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही. सदतीस वर्षं झाली या गोष्टीला. मला तिला गाठून एकदा माफी मागायची होती. एवढंच काम होतं.

मुलीला वाटलं, आईला म्हातारचळ लागला, शाळेच्या आठवणीने डोळे पाणावलेत. मी तिला काही सांगितलं नाही. नवरात्रात ती नऊच्या नऊ रात्री गरब्याला जाते, एक-दीडला परत येते, आणि मी उठून दारसुद्धा उघडत नाही, तिच्याकडे किल्ली असते. सगळ्या शहरातल्या पोरी चनिया-चोळी घालून रस्त्यावर असतात आणि बडोद्यात कुणाला त्यात वावगं वाटत नाही. लग्न होऊन इथे आले त्या पहिल्या नवरात्रात मी ते बघत गॅलरीत उभी राहिले होते. नवऱ्याला वाटलं मला माहेरची आठवण येतेय. खरं तर मला राग येत होता.

शनिवार, सकाळी

स्टेशनजवळच्या लॉजवर बॅग टाकली आणि पहिली धाव मिसळीकडे. माहेर म्हणून आता गावात काही उरलेलं नाही. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, आई-बाबा गेले, भाऊ पुण्याला. तेव्हा माहेरपण काय ते मिसळीकडूनच करून घ्यायचं होतं. ऐटीत सांगितलं, "कट जरा जास्त." पहिल्या दोन घासांत कानांतून वाफ निघाली, तिसऱ्याला ठसका लागला आणि शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी न विचारता त्यांच्या पुढ्यातली दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली. तीस वर्षं डाळीत गूळ घालून खाल्ल्याचं फळ. आजोबा म्हणाले, "हळू खावा पावणं, कोण पाठीमागं लागलंय?" माझ्याच गावात मी पावणं झाले होते. हसू आलं आणि वाईटही वाटलं.

पण कान मात्र तृप्त झाले. कोल्हापुरात बाईमाणूससुद्धा "मी आलो", "मी गेलतो" असंच बोलते. बडोद्याला सासरी हे ऐकून लोक तोंडाला पदर लावायचे. "मी आले" म्हणायची सवय लावून घ्यायला मला चांगली पाच-सहा वर्षं लागली. इथे रिक्षासाठी थांबलेल्या दोन मुली एकमेकींना "मी सांगितलतो की तुला" म्हणून झापत होत्या. मी उगाचच त्यांच्यामागे चार पावलं चालले.

तशीच चालत आमच्या पेठेत गेले. तालमीपुढचा चौक आता लहान वाटतो. गणपतीत तिथेच स्टेज पडायचं. तालमीची पोरं वर्षभर कुस्ती आणि फुटबॉल खेळायची आणि गणपतीत ऑर्केस्ट्रा आणायची. बाप्ये खाली सतरंजीवर, बायका आपापल्या गच्चीवर, आणि वयात आलेल्या पोरी घरात. गच्चीवर बसायलासुद्धा लग्न व्हावं लागायचं.

त्या वर्षीचा ऑर्केस्ट्रा मोठा होता, बाहेरगावचा. नेमका गौरीपूजनाच्या रात्री. गौरी आणि शंकरोबा घरात बसले की त्या रात्री जागर असतो, बायका-पोरी रात्रभर झिम्मा-फुगडी खेळतात, आणि वर्षातली तेवढी एक रात्र पोरींना घराबाहेर राहायची मुभा असते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जागर पलीकडच्या गल्लीत, ऑर्केस्ट्रा अलीकडे. जायचं जागराला म्हणून आणि बसायचं तालमीमागच्या लाकडाच्या वखारीत, ओंडक्यांवर.

माझ्या घरून प्रश्न नव्हता. छायाच्या आईला मात्र मीच विचारायला गेले. काकू हे खटलं मोठं अवघड होतं. दावणीला आठ म्हशी, आणि त्या म्हशींपासून नवऱ्यापर्यंत सगळे त्यांच्या धाकात. पण माझं त्यांच्यापाशी वजन होतं. मी त्यांना पत्रं वाचून दाखवायचे, रेशनचे फॉर्म भरून द्यायचे. मी म्हणाले, "काकू, मी हाय की संगं." त्यांनी एक शब्द न विचारता छायाला सोडलं.

ती रात्र काय सांगू. पांढरे बूट घातलेला गायक, लाल-निळे दिवे, आणि बाई गाते आहे की बाप्या हे कळू न देता दोन्ही आवाजांत गाणारा एक बुटका माणूस. मी ओंडक्यावर उभी राहून शिट्ट्या मारल्या, "वन्स मोअर" म्हणून ओरडले, एका गाण्याला तर नाचलेसुद्धा. कोण बघतंय वखारीत. छाया गुडघे पोटाशी घेऊन शेजारी बसली होती. हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, गाण्यात बुडालीये. पहाटे आम्ही आपापल्या घरी गेलो.

आता गंमत बघा. जागराला जाऊन आलेल्या बाईचा गळा बसलेला असतो. रात्रभर गाणी म्हणून आणि फुगड्या घालून सकाळी आवाज म्हणून फुटत नाही, ही आमच्याकडची पक्की खूण. माझा गळा ओरडून ओरडून पार गेला होता. आईने कौतुकाने हळद-दूध दिलं. छायाने मात्र घरी जाऊन स्वच्छ, खणखणीत आवाजात चहा मागितला. काकूंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि जागर झाला त्या घरी माणूस पाठवला.

तासाभरात तिचे वडील आमच्या दारात. त्यांनी मला विचारलं, छाया तुझ्याबरोबर होती ना? माझे बाबा शेजारी उभे होते. मी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी जागरात हुतो काका. तिथं गेल्यावर छाया मला दिसलीच न्हाई." माझा गळाच माझा साक्षीदार झाला. त्या घरच्या बायकांना म्हणे एवढ्या गर्दीत कोण आलं नि कोण नाही आठवेना, त्यामुळे माझ्याबद्दल कुणी शंका घेतली नाही.

मन लावून ऐकणारी सापडली आणि हुल्लड करणारी सुटली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. चौकात उभी राहून मी पुन्हा तेच म्हटलं. वखारीच्या जागी आता मोबाइलची दुकानं आहेत.

शनिवार, संध्याकाळी

आनंदाच्या मळ्यात ऊस तोडून झाला होता, मोकळ्या रानात तीन दगडांच्या दोन चुली पेटलेल्या आणि त्यांच्यावर दोन भलीमोठी पातेली. कोल्हापुरात रस्सा मंडळ नावाचा प्रकार असतो. मित्रमंडळी जमतात, रानात चूल मांडतात आणि मटण बाप्येच शिजवतात. घरी स्वतःचं पाण्याचं तांब्या-भांडं न उचलणारा माणूस इथे चटणी किती पडली यावरून जिवाला जीव देईल किंवा घेईल. बायकांनी पातेल्याकडे बघायचंसुद्धा नाही. आम्ही अकरा जणी खुर्च्यांवर बसून, कुणीतरी आयता रस्सा आणून देतंय याचा थाट उपभोगत होतो. तांबड्याला मी हात जोडले, पांढऱ्यावर भागवलं.

मग कॅराओकेचं यंत्र आलं. पन्नाशी उलटलेली आमची पोरं माइक सोडेनात. गाणी आमच्या शाळेच्या दिवसांतलीच, गळे तेवढे पिकलेले. दोन पेठांच्या दोन टोळ्या अजून एका सतरंजीवर बसत नाहीत, कारण केव्हातरी फुटबॉलच्या सामन्यात एक गोल ऑफसाइड दिला गेला होता. मग निघाल्या त्यांच्या रात्री. पौर्णिमेला चालत पन्हाळा गाठलेली रात्र. सेकंड शो सुटल्यावर रंकाळ्यावर उजाडेपर्यंत मारलेल्या गप्पा. कप जिंकला त्या रात्रीची मिरवणूक. एकाचं संपलं की दुसऱ्याचं. मला ते ऐकताना फार बरं वाटत होतं, आणि हळूहळू बरं वाटेनासं झालं. माझ्या शेजारी संगीता होती, आमच्या वर्गात पहिली येणारी. मी तिला म्हटलं, आपण पण काहीतरी सांगू. ती शांतपणे म्हणाली, "आपल्याला कुठल्या रात्री गं?"

खरंच, माझ्याकडे एकच होती, आणि ती सांगण्यासारखी नव्हती.

मी उठले आणि चुलीपाशी जाऊन आनंदाला विचारलं, छायाला का नाही बोलावलं? त्याने पळी हलवणं थांबवलं नाही. "वैजे, ती बॅचमधी कुठं येतीया? दहावीचा फॉर्मच भरला न्हाई तिनं."

मी म्हटलं, तू ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटलास, तरी तू बॅचमध्ये आहेस. माझा आवाज चढला असणार, कारण माइकवरचं गाणं थांबलं. आनंदा वरमला. तसा तो मनाने वाईट नाही. म्हणाला, चुकलंच, डोक्यातच आलं नाही. तिचा भाऊ सकाळी दूध कट्ट्यावर असतो, त्याला भेट. निघायच्या आधी त्याने माझ्यासाठी डब्यात पांढरा रस्सा बांधून दिला. मी पण घेतला.

रविवार

दूध कट्टा म्हणजे काय हे बडोद्यात सांगून कुणाला पटत नाही. गवळी म्हशी घेऊन चौकात उभे असतात, तुम्ही ग्लास धरायचा, ते तुमच्या पुढ्यात धार काढतात आणि ते कोमट, फेसाळ दूध तिथेच उभ्याने प्यायचं. थंडी मरणाची होती. छायाचे वडील इथेच उभे असायचे, आता त्या जागी तिचा धाकटा भाऊ मारुती. वडिलांसारखाच रुंद, कानाला मफलर. त्याने ग्लास भरून दिला आणि विचारलं, "कुठनं आलायसा पावणं?" मी नाव सांगितलं. तो म्हशीच्या पाठीवर थाप मारून हसला. "वैजूताई व्हय? पार गुजराती झालायसा की."

पैसे घेतले नाहीत. आणखी एक ग्लास पाजला. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, हे त्याने सांगितलं. "शेवटपतूर तुमचं नाव काढायची बघा. वैजू बोलली म्हंजी खरं, म्हणायची." मी ग्लास अर्धाच परत दिला. छायाचा पत्ता त्याने फोनवर पाठवला. नेसरीच्या पुढे दोन मैलांवर वस्ती आहे, गावात कुणालाही विचारा म्हणाला.

एस.टी.ने गडहिंग्लजमार्गे नेसरीला जाताना वाटेत कर्नाटक लागतं. पाट्या कानडी होतात, बसमध्ये चढणाऱ्या बायका एकमेकींना अक्का म्हणायला लागतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा आपल्या पाट्या सुरू होतात. दोन्हीकडे ऊस तसाच. एका गुऱ्हाळापाशी बस थांबली तर उकळत्या रसाचा वास खिडकीतून आत आला आणि अख्खी बस गप्प झाली. मी मनात वाक्यं जुळवत होते. "छाया, मी खोटं बोलले होते." मग काय? मग ती काय म्हणेल? तिने दारातूनच परत पाठवलं तर? नेसरीला मी चुकीच्या रिक्षात बसले, उलट्या दिशेला एका शाळेपर्यंत जाऊन आले. मनातून जरा उशीर झालेला मला हवाच होता.

वस्तीवर चार घरं. शेणाने सारवलेलं अंगण, गोठ्यात पाच म्हशी. छायाच्या सुनेने पाणी दिलं आणि "मावशी, बसा, आत्या वैरणीला गेल्यात" म्हणाली. थोड्या वेळाने डोक्यावर भारा घेतलेली एक उंच बाई बांधावरून आली. मी उठून उभी राहिले. तिने भारा टाकला, पदराने तोंड पुसलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "जाड झालीस."

नंतर बराच वेळ तिने मला काही बोलूच दिलं नाही. भाकरी, वांग्याचं भरीत, दही आणि हिरव्या मिरचीचा खरडा. खरडा मी एवढासा घेतला तर तिने हसून दह्याची वाटी पुढे केली. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली. मुलगा साखर कारखान्यात, नातू बालवाडीत. डेअरीला रोज वीस लिटर दूध जातं. सून अंगणवाडीत शिकवते हे तिने दोनदा सांगितलं. माझं विचारून घेतलं. बडोद्याला थंडी असते का, समुद्र लागतो का. मी उत्तरं देत होते आणि परतीच्या बसच्या वेळेकडे लक्ष ठेवत होते.

शेवटी गोठ्यापाशी आम्ही दोघीच होतो तेव्हा मी सांगून टाकलं. तुझे वडील आले तेव्हा मी म्हणाले, छाया मला दिसलीच नाही. बाबांना घाबरले. माझ्यामुळे तुझी शाळा गेली, तुझं लग्न झालं. मला माफ कर. सांगताना मी रडले. इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं म्हणून जरा हलकंही वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

छाया म्हशीपुढे वैरण पसरत होती. "तुझ्यामुळं कुठं काय झालं?" ती म्हणाली. "लगीन आधीच ठरल्यालं. सुपारी फुटून आठ दिवस झालतं."

मला कळेना. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस?

"सांगणार हुतो की. त्यासाठनंच तर आलतो त्या रात्री." तिने पेंढी सोडली, दोन भाग केले. "गाणी तुला आवडायची, वैजू. मला कुठं कळत हुतं त्यातलं? म्हटलं, रात्रभर दोघीच हाय, हिला सांगू. मधी जरा गप्प झालीस की सांगू. तू गप्पच झाली न्हाईस."

 तिच्या तोंडावर रागाचं काहीच नव्हतं. ती दुसऱ्या म्हशीकडे गेली, मी तिच्यामागे गेले. काय सांगणार होतीस, असं मी विचारलं. 

"आईला सांग म्हणणार हुतो. एवढी दहावी हू दे पोरीची, मग करा लगीन, असं. तुझं ऐकायची ती. माझं कुठं ऐकती?"

काकूंनी ऐकलं असतं. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि अजून रोज कळतं. मी नुसतं जाऊन म्हटलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं. माफी मागायला मी जे वाक्य बडोद्यापासून बांधून आणलं होतं ते भलत्याच गोष्टीचं निघालं. या गोष्टीसाठी माझ्याकडे वाक्य नव्हतं. आणि काकू तर आता नाहीत.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले. छाया, तू पास झाली असतीस गं.

"छट. गणितात नापासच झालो असतो," ती हात झटकत म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता बांधाकडे बघत राहिली. "पण बसलो असतो की परीक्षेला."